गुरुवारची मंडळी

राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकातील आर्य मदिरा मंडळाने मराठी प्रेक्षकांच्या कित्येक पिढ्यांना हसविले आहे. परंतु ते नाटक वाढत्या वयात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्याला त्या हास्याच्या तळाशी एक फार गंभीर गोष्ट दिसू लागते. ती अशी की, पिणाऱ्यांना तेथे मंडळ आहे, सभासद आहेत, परस्परांची वाट पाहणे आहे. आणि सोडू पाहणाऱ्या सुधाकराला मात्र यांपैकी काहीही नाही. त्याला सिंधूसारखी पत्नी आहे, रामलालासारखा मित्र आहे, पश्चात्ताप आहे, निश्चय आहे. दारूचे व्यसन माणसाला पायरीपायरीने कसे ग्रासते याची मीमांसा तो स्वतः रामलालापुढे इतक्या सूक्ष्मतेने करतो की, एखाद्या वैद्यानेही ती मान्य करावी. तरीही ते ज्ञान त्याच्या कामी येत नाही, कारण ऐकणाऱ्या रामलालाचे प्रेम कितीही अपार असले तरी त्या तहानेचा अनुभव त्याच्या गाठीशी नाही. त्या मंडळातला भगीरथ तेथून बाहेर पडतो, पण तो रामलालाचा हात धरून. सुधाकराच्या उद्धाराची भिस्त नाटककाराने भगीरथावर टाकलेली नाही. एका पिणाऱ्याने दुसऱ्या पिणाऱ्यासमोर बसावे आणि दोघांनीही न पिता उठावे, या घटनेला त्या नाटकात जागा नाही. गडकरी 1919 साली निवर्तले. ज्या रूपात आज ही कल्पना जगाला परिचित आहे, ते रूप तिला त्यानंतर सोळा वर्षांनी, फार दूरच्या एका गावी प्राप्त झाले.

त्या आरंभाची हकीकत थोडी विस्ताराने सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात एके काळी नावलौकिक मिळविलेला आणि दारूपायी तो सर्व घालवून बसलेला बिल विल्सन नावाचा गृहस्थ 1935 सालच्या मे महिन्यात ओहायो संस्थानातील अ‍ॅक्रन या रबराच्या कारखान्यांच्या शहरी एका कंपनीच्या व्यवहारासाठी आला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. व्यवहार फिसकटला, खिशात पैसा फारसा उरला नाही, आणि शनिवारी मेफ्लॉवर हॉटेलच्या दर्शनी दालनात तो येरझारा घालीत असता एका अंगाला मद्यगृहातून माणसांच्या गप्पांचा आवाज येत होता, तर दुसऱ्या अंगाला टेलिफोन होता आणि गावातील चर्चांची यादी लावलेली होती. त्याने टेलिफोन उचलला. धर्मोपदेशकाकडे त्याने मागितले ते मात्र प्रवचन नव्हे, प्रार्थना नव्हे. गावातील दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्या माणसाशी आपली गाठ घालून द्या, एवढीच त्याची विनंती होती. एका नावावरून दुसरे, दुसऱ्यावरून तिसरे, असे करीत अखेर हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंशी त्याचे बोलणे झाले, आणि त्यांना डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाचे नाव आठवले. पण त्या दिवशी डॉक्टरच शुद्धीत नव्हते. दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी पाच वाजता ते आले, तेही पंधरा मिनिटांवर क्षणभर थांबणार नाही असे पत्नीकडून कबूल करून घेऊन. आणि रात्री अकरा वाजून गेले तरी उठले नाहीत. दारू शरीराचे काय करते हे डॉक्टरांना बिलपेक्षा अधिक ठाऊक होते; धर्मग्रंथांचे वाचनही त्यांचेच अधिक होते. त्या रात्री नवे होते ते इतकेच की, समोरचा मनुष्य त्यांना सुधारण्यासाठी आलेला नव्हता. तो स्वतः वाचावा म्हणून आला होता, आणि तसे त्याने सांगितले. त्यानंतर डॉक्टर एकदा पुन्हा घसरले. पण 10 जून 1935 नंतर मात्र त्यांनी कधीच दारू घेतली नाही, आणि ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ हा बंधुसंघ तोच आपला जन्मदिवस मानतो.

याच्या आधीचे काही महिने बिलने न्यूयॉर्कमध्ये पिणाऱ्यांना उपदेश करण्यात घालविले होते, आणि त्यांतील एकही मनुष्य सुधारला नव्हता. तो निराश झाला, तेव्हा त्याच्या पत्नीने, लोईसने, त्याच्या ध्यानात आणून दिले की, बाकी कोणी नसेल, पण तू तर पीत नाहीस ना? मला या संपूर्ण हकीकतीचे मर्म या प्रश्नात दिसते. दुसऱ्याला देण्यासाठी गेलेला मनुष्य त्या देण्यानेच टिकून होता. म्हणून या मंडळींच्या खोलीत जो प्रथमच पाऊल टाकतो, तो आपल्याला याचक समजत असला, मान खाली घालून आलेला असला, तरी आत बसलेल्यांना त्याची निकड त्याच्याइतकीच, कदाचित त्याच्याहूनही अधिक असते. हे त्याला उंबरठ्याबाहेर कोणी सांगत नाही, आणि सांगितले तरी त्याचा विश्वास बसत नाही.

आपल्याकडे या बंधुसंघाचे पाऊल पडले ते 1957 सालच्या मे महिन्यात, मुंबईत. आणि तेही असेच शोधातून. दिल्लीला कामानिमित्त आलेला एक कॅनेडियन गृहस्थ आपल्यासारख्यांच्या शोधात होता. मुंबईच्या एका गृहस्थाशी त्याचा संबंध जुळला, आणि पहिला गट उभा राहिला. ते साल ध्यानात घेण्याजोगे आहे. मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदीचा कायदा जारी होता, 1950 पासून संपूर्ण बंदीचा अंमल होता, परवान्यावाचून बाटली जवळ बाळगणे गुन्हा होता. आणि त्या बंदीच्या ऐन अंमलात, हातभट्ट्यांच्या त्या मुंबईत, काही माणसांना एकत्र बसून दारूपासून दूर राहण्याची गरज भासत होती. दुकान बंद करणे सरकारच्या अखत्यारीत असते. संध्याकाळी सहा वाजता माणसाच्या छातीत जे सुरू होते त्यावर कोणत्याही सरकारचा हुकूम चालत नाही. गडचिरोलीच्या आणि इतर जिल्ह्यांच्या ज्या स्त्रियांनी बाटली आडवी करण्यासाठी लढा दिला त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, आणि हे वाक्य त्यांच्या विरोधात लिहिलेले नाही. त्यांचे कार्य जेथे संपते तेथून पुढच्या वाटेविषयी मी बोलतो आहे.

माझ्या थोरल्या मावसभावाविषयी आता लिहितो. त्याची संमती घेऊनच लिहितो. नाव मात्र, त्याच्या मंडळींच्या रीतीस अनुसरून, लिहीत नाही. आम्ही सर्व भावंडे त्याला दादा म्हणतो. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून त्याची हयात गेली. अक्षर मोत्यासारखे, हिशेब चोख, आणि स्वभाव इतका भिडस्त की कोणाला नाही म्हणणे त्याला कधी साधले नाही. सेवानिवृत्तीनंतर कृष्णाकाठच्या आपल्या तालुक्याच्या गावी तो येऊन राहिला, आणि नोकरीत असताना जे रात्रीपुरते होते ते दुपारपासून सुरू झाले. यकृताचे दुखणे निघाले, एकदा रक्ताची उलटी झाली, आणि अखेर घरच्या सर्वांनी मिळून त्याला एका व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केले. तेथे त्याची उत्तम काळजी घेतली गेली. पहिले दोन-तीन दिवस त्याचे हात थरथरत, भिंतीवर मुंग्या दिसत. अशा वेळी दारू एकाएकी तोडणे जिवावर बेतू शकते, म्हणून डॉक्टरांनी औषधे आणि जीवनसत्त्वाची इंजेक्शने देऊन त्याला त्यातून पार नेले. ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करतो. मंडळीत जाणे हे वैद्यकीय उपचारांना पर्याय म्हणून नव्हे. ज्याचे शरीर दारूवर टेकलेले आहे, त्याने आधी डॉक्टरांकडेच गेले पाहिजे.

पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 साली पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण सुरू केल्यापासून महाराष्ट्रात अशी केंद्रे बरीच झाली, आणि व्यसनी मनुष्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता रुग्ण आणि मित्र म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्या समाजात थोडीतरी रुजली, याचे श्रेय त्या दांपत्याला निःसंशय द्यावे लागेल. पण केंद्रातून मनुष्य घरी येतो. ज्या घरी तो येतो, तेथे तीच खुंटी असते, तीच पिशवी असते, दुकानाकडे जाणारी तीच गल्ली असते, आणि दिवेलागणीला तीच वेळ येते. केंद्रातील समुपदेशकांनी दादाला निरोप देताना बजावले होते, “गावी जाल तेव्हा मीटिंग शोधा. एकटे राहू नका.” वहिनींनी ते वाक्य दिनदर्शिकेवर लिहून ठेवले. शोधा म्हणजे कोठे, हे मात्र त्या दिनदर्शिकेवर लिहिता येण्यासारखे नव्हते.

दारू मिळण्याची ठिकाणे त्या गावात शाळकरी पोरेही सांगू शकत. सोडणाऱ्यांची बैठक कोठे भरते याची मी जेव्हा चौकशी करू लागलो, तेव्हा औषधाच्या दुकानदारापासून ग्रामीण रुग्णालयातील परिचारिकेपर्यंत कोणालाच सांगता येईना. जो तो सहानुभूतीने मान हलवी, आणि शहरातील एखाद्या केंद्राचे नाव घेई. हा कोणाचा दोष नव्हे. जी मंडळी आपल्या सभासदांची नावे बाहेर सांगत नाहीत, जाहिरात करीत नाहीत, दारावर मोठी पाटी लावीत नाहीत, त्यांचा ठावठिकाणा गावाला ठाऊक नसावा हे क्रमप्राप्तच आहे. ज्या अनामिकतेच्या आश्रयाने मनुष्य आत निर्धास्त बसतो, तीच अनामिकता बाहेर उभ्या असलेल्याला दार सापडू देत नाही. आणि या दोहोंपैकी एक राखून दुसरे टाळता येईल अशी युक्ती मला तरी सुचलेली नाही.

त्याहून अवघड एक गोष्ट होती, आणि ती मला दादानेच पुढे समजावून सांगितली. गावात त्याचे पिणे लपलेले नव्हते. देशी दारूच्या दुकानापाशी त्याला पाहिलेले नाही असा मनुष्य त्या आळीत विरळा. मग सोडण्याच्या जागी जाताना कोणी पाहील याची त्याला धास्ती का वाटावी? तो म्हणाला, “अरे, पिणाऱ्याकडून कोणी काही मागत नाही. सोडतो म्हटले की सगळा गाव हिशेब ठेवायला लागतो.” पिणे ही त्याची रुजलेली ओळख झाली होती, तिच्यात अपमान असला तरी एक स्थैर्य होते; सोडणे म्हणजे चारचौघांत केलेला करार, आणि तो मोडला तर चारचौघांतच मोडणार. ज्यांनी हे भोगलेले नाही त्यांना ही भीती क्षुल्लक वाटेल. माझ्या मते कित्येक माणसे अर्ध्या वाटेवरून परत फिरतात ती तहानेने नव्हे, या भीतीने.

अखेर एका यादीत त्या तालुक्याचे नाव सापडले. या बंधुसंघाच्या याद्या असतात. त्यांत गाव, वार, वेळ, जागा आणि एखादा दूरध्वनी क्रमांक, इतकेच असते. बैठक खुली आहे की केवळ सोडू इच्छिणाऱ्यांपुरती, तेही नमूद असते. मी त्या क्रमांकावर फोन केला. पलीकडून एक प्रौढ, शांत आवाज आला. मी दादाची सर्व कहाणी सांगू लागलो, तेव्हा त्यांनी ती पुरती ऐकून घेतली आणि विचारले, “दारू कोणाला सोडायची आहे? तुम्हाला की त्यांना?” मी म्हणालो, त्यांना. “मग त्यांनाच फोन करायला सांगा. त्यांना वाटेल तेव्हा करू द्या. रात्री केला तरी चालेल.” एवढे बोलून त्यांनी माझ्या मनाला उभारी येईल असे चार शब्द सांगितले आणि फोन ठेवला. प्रथम मला ते काहीसे रुक्ष वाटले. विचारांती मात्र ध्यानात आले की, आजवर दादाच्या वतीने सगळेच बोलत आले होते: वहिनी बोलत, मुले बोलत, डॉक्टर बोलत, मी बोलत होतो. त्याने स्वतः करावयाची अशी एकही कृती आम्ही शिल्लक ठेवली नव्हती, आणि या अपरिचित माणसाने ती एक कृती त्याला परत केली.

तो क्रमांक मी दादाच्या उशाशी ठेवला. त्याने फोन केव्हा केला हे आम्हाला कळले नाही. दोन गृहस्थ मोटारसायकलवरून दाराशी आले तेव्हा कळले. अशा भेटीला हे लोक एकटे जात नाहीत, दोघे मिळून जातात, कारण ज्या घरी बाटली असण्याचा संभव आहे तेथे स्वतःच्या निग्रहावर एकट्याने विसंबू नये, असे त्यांच्या अनुभवाने त्यांना शिकविले आहे. त्यांतील एक निवृत्त शिक्षक होते, दुसऱ्याचे टायरचे पंक्चर काढण्याचे दुकान होते. ओसरीवर बसून त्यांनी दादाला एकही प्रश्न विचारला नाही. शिक्षकांनी आपली हकीकत सांगितली: वर्गात झिंगून गेल्याची, निलंबनाची, मुलीच्या लग्नात मांडवाबाहेर काढले गेल्याची. दादा खाली बघून ऐकत होता, आणि एकाएकी मान वर करून त्याने विचारले, “सकाळी हात थरथरायचे तेव्हा सही कशी करायचात?” वहिनी आतल्या दारात उभ्या होत्या, त्या तेथेच खाली बसल्या. संसाराच्या इतक्या वर्षांत त्यांनी त्याला हजार प्रश्न विचारले होते. त्याने दुसऱ्या कोणाला, खरे उत्तर हवे म्हणून, प्रश्न विचारलेला त्या प्रथमच ऐकत होत्या.

बैठक जिल्हा परिषदेच्या एका शाळेत भरे. यादीतील शाळा एक होती आणि प्रत्यक्षातली दुसरी. मधल्या काळात जागा बदलली होती, आणि त्या दोन गृहस्थांनी आधी खुलासा केला नसता तर आम्ही बंद फाटकापासून माघारी आलो असतो. शाळेच्या शिपायाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “गुरुवारची मंडळी ना? मागच्या वर्गात बसतात. जाताना कप विसळून, बाके जागेवर लावून जातात.” ती बैठक केवळ सोडू इच्छिणाऱ्यांसाठी होती, त्यामुळे मी फाटकापाशीच थांबलो. पटांगणाच्या टोकाला तो एकच वर्ग उजळलेला होता. आतले शब्द ऐकू येत नव्हते, आणि ऐकण्याचा मला अधिकारही नव्हता.

आत काय घडते याविषयी मी जे सांगू शकतो ते पुढे एका सभासदाच्या सोबर वाढदिवसानिमित्त, म्हणजे दारू सोडल्याच्या वार्षिक दिवसानिमित्त, भरलेल्या खुल्या बैठकीत पाहिलेले आहे. भिंतीवर पाढे आणि महिन्यांची नावे. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसे. त्यांत एक डॉक्टर, एक ऊसतोडीचा मुकादम, बँकेत नोकरी करणारी एक बाई, रिक्षावाले, आणि नुकते मिसरूड फुटलेला एक मुलगा. ज्याला बोलायचे तो आपले नाव सांगतो, मी अल्कोहोलिक असे म्हणतो, आणि आपल्यावर गुदरलेले सांगतो. तो बोलत असता मधे कोणी बोलत नाही. त्याचे संपल्यावर त्याला कोणी सल्ला देत नाही, शाबासकी देत नाही, खोडून काढीत नाही. त्याचे आभार मानतात आणि दुसरा बोलू लागतो. उलट जबाबाची अपेक्षा न ठेवता केलेले असे कथन आपल्या सार्वजनिक जीवनात किती दुर्मिळ आहे! न्यायालयात मनुष्य बोलतो तो निकालासाठी, सभेत बोलतो तो टाळ्यांसाठी, घरात बोलतो तो समर्थनासाठी. येथे जो बोलतो त्याला काहीच सिद्ध करायचे नसते, आणि म्हणूनच की काय, त्याच्या बोलण्यातून खोटेपणा आपोआप गळून पडताना दिसतो. ऐकणाऱ्या चेहऱ्यांवर दया नव्हती. ओळख होती.

बँकेतील बाई बोलल्या ते मला विशेष लागले. स्त्रीने पिणे ही आपल्या समाजात अक्षम्य गोष्ट असल्यामुळे त्यांनी ते दहा वर्षे लपविले, आणि ज्या दिवशी सोडावेसे वाटले त्या दिवशी, पुरुषांनी भरलेल्या त्या वर्गाच्या दारातून आत येणे त्यांना पिण्यापेक्षाही कठीण गेले. आपल्याकडच्या अशा बैठकांतून स्त्रिया अद्याप फार थोड्या दिसतात. त्या पीत नाहीत म्हणून नव्हे, त्यांना दार अधिक दूर आहे म्हणून. आणि हे अंतर कमी करण्याची जबाबदारी केवळ त्यांच्यावर टाकणे अन्यायाचे होईल.

त्या वर्गात पंखा नव्हता. मी निघताना दादाच्या त्या शिक्षकमित्रांना म्हणालो की, एक पंखा माझ्याकडून बसवू द्या. त्यांनी हात जोडले. बाहेरच्या माणसाकडून देणगी घ्यायची नाही, अशी त्यांची परंपरा आहे. दारूपासून दूर राहण्याच्या त्यांच्या बारा पायऱ्यांप्रमाणेच त्यांच्या बारा परंपरा आहेत, आणि त्यांतील सातवी ही. बैठकीत एक डबा फिरतो, त्यात सभासद जमेल ते टाकतात, त्यातून चहा, जागेचे भाडे, पुस्तके. ज्याच्याजवळ नसेल त्याने काही टाकू नये. सरकारी अनुदान नाही, धर्मादायाची पावती नाही, सभासदत्वाची फी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता, आणि तीही स्वतःच ठरवावयाची. ज्याने सर्वांकडून उसने घेतले, बायकोचे मंगळसूत्र गहाण टाकले, त्या माणसाच्या हातून एका डब्यात दहा रुपये पडतात, आणि त्या पैशावर दुसऱ्या कोणाचाही हक्क नसतो, तेव्हा त्याला आपली पत परत मिळाल्यासारखे वाटत असेल. पंखा नाकारण्यामागे केवढी जपणूक होती, हे त्या दिवशी मला उमगले, आणि त्या नकाराविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे.

दादाने पूर्वी एकदा माळ घातली होती. आपल्या महाराष्ट्रात दारू सोडण्याचा हा शतकांचा राजमार्ग आहे. गळ्यात तुळशीची माळ आली की मनुष्य निर्व्यसनी झाला असे गाव धरून चालतो, आणि कित्येकांच्या बाबतीत ते अखेरपर्यंत खरे ठरते. दादाच्या बाबतीत ठरले नाही. आषाढीच्या वाटेवर, दिंडीत, पुढे-मागे माणसे असताना त्याला तहान शिवली नाही. पंढरीहून परतल्यावर, श्रावणातल्या एका ओल्या संध्याकाळी, घरी एकटा असता, त्याने माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि तो बाहेर पडला. त्याच्या मनात विठ्ठलाविषयीचा भाव कमी होता असे मी कधीही म्हणणार नाही. त्याला दिंडी हवी होती, आणि दिंडी वर्षातून एकदाच निघते. आता गुरुवारी ती निघते, आणि इतर दिवशी फोनवर. मुंबईसारख्या शहरी नवख्याला पहिले तीन महिने रोज बैठकीला जा असे सांगतात, आणि तेथे तसे जाता येते. तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक बैठक, म्हणून उरलेले सहा दिवस स्पॉन्सरच्या, म्हणजे वाट दाखविणाऱ्या जुन्या सभासदाच्या, फोनवर काढावे लागतात. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चार अवस्थांत मनुष्य घसरतो असे त्यांचे अनुभवसिद्ध मत आहे; म्हणूनच दादा रोज सायंकाळी सहाला फोन करतो तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न येतो तो “जेवलास का?” असा. परमेश्वराविषयी त्या मंडळींचा कोणताही आग्रह नाही. ज्याला जो समजेल तो त्याने मानावा. दादाने माळ पुन्हा गळ्यात घातली आहे, आणि त्याच्या शेजारी बसणारा मुकादम कोणताच देव मानीत नाही.

अशा बैठकांचा खरोखर उपयोग होतो काय, अशी शंका सुशिक्षित मंडळी घेतात, आणि ती घेण्यात गैर काहीच नाही. केली, हम्फ्रीज आणि फेरी या संशोधकांनी 2020 साली कॉक्रेनसाठी उपलब्ध अभ्यासांचा साकल्याने आढावा घेतला, तेव्हा दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, या बंधुसंघाशी रुग्णाला पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार इतर मान्यताप्राप्त उपचारांच्या बरोबरीचे, किंबहुना काहीसे सरस आढळले. तरीही सर्वांनाच ते मानवते असे नाही, आणि ज्याला मानवत नाही त्याच्यावर असाध्यतेचा शिक्का मारणे निर्दयपणाचे आहे.

दादाही मधे एकदा घसरला. दिवाळीत, मुलगा सुट्टीवर आला नाही म्हणून, किंवा तसे निमित्त करून. तीन आठवडे तो त्या वर्गाकडे फिरकला नाही. चौथ्या गुरुवारी गेला, तो दारातच उभा राहिला. कोणीतरी सरकून जागा केली आणि चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. “इतके दिवस कोठे होतास?” एवढेही कोणी विचारले नाही. घरी आल्यावर तो वहिनींना म्हणाला की, आज आपल्याला ओरडले असते तर बरे वाटले असते. पुढच्या गुरुवारी त्याने स्वतःच सगळे सांगितले. वहिनींनाही आता आपली मंडळी मिळाली आहे. बिलची पत्नी लोईस हिने 1951 साली ज्या अल-अनॉनची स्थापना केली, त्यात पिणाऱ्यांचे आप्त एकत्र बसतात, आणि त्या बैठकीसाठी वहिनी महिन्यातून एकदा एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी जातात. पती सुधारावा म्हणून त्या जात नाहीत. “माझी झोप मला परत हवी होती,” असे त्यांनी मला सांगितले.

अलीकडे शेजारच्या तालुक्यातून दादाकडे फोन येऊ लागले आहेत. तेथे बैठक नाही. येणाऱ्याला संध्याकाळी परतीची गाडी मिळत नाही, म्हणून माणसे एकदा येतात आणि मग यायची थांबतात. तेव्हा दादा आणि पंक्चरवाले गृहस्थ यांनी तेथेच एक गट सुरू करण्याची तजवीज चालविली आहे. तेथील शाळेच्या मुख्याध्यापकांच्या नावे जो अर्ज केला तो दादाने लिहिला, जुन्या कचेरीच्या वळणाने, डावीकडे समास सोडून, खाली ‘आपला नम्र’ असे लिहून. संस्थेचा नोंदणी क्रमांक काय, असे मुख्याध्यापकांनी विचारले. नोंदणी नाही असे ऐकून ते विचारात पडले. मग अध्यक्ष कोण, असे विचारले. अध्यक्षही नाही असे समजले. अखेर जबाबदार व्यक्ती या रकान्यात दादाने स्वतःचे नाव आणि पत्ता घातला. मंजुरी मिळाली आहे. सातवी ‘ब’चा वर्ग, मंगळवार, सायंकाळी सात ते साडेआठ, किल्ली शेजारच्या पिठाच्या गिरणीत मिळेल.